ताजमधला सॅक्सोफोन

ज्यांची समाधी सुदुंबऱ्यास आहे त्या संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. त्या वह्या उरल्या म्हणून पाठभेदांची चर्चा तरी करता येते. आपल्या गोमंतकीय ख्रिस्ती वादकांच्या जॅझला असा लेखनिक क्वचितच लाभला. सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया यांच्या कारकिर्दीकडे वळताना ही उणीव फार जाणवते.

कोरिया १९१३ साली मोंबासा येथे जन्मले, कराचीत वाढले आणि १९३९ ते १९६० अशी एकवीस वर्षे त्यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत राहिला. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथाने हा काळ उजेडात आणला, हे मोठेच ऋण. परंतु इतिहास वाचून सूर कानी पडत नाही.

काही जाणकार या वादनाला ‘हॉटेलचे संगीत’ म्हणून बाजूस सारतात. जॅझचा प्राण आयत्या वेळी सुचलेल्या स्वरांत, आणि येथे तर पाहुण्यांच्या पावलांना ताल द्यावयाचा! हा आक्षेप मला अर्धाच पटतो. नर्तकांची लय क्षणभरही ढळू न देता सॅक्सोफोनांचा सबंध ताफा एका श्वासात बोलता करणे, तेही वर्षानुवर्षे, रोज रात्री, हे सामान्य काम नव्हे. त्यासाठी स्वरलिपी डोळ्यांत मुरलेली असावी लागते. गोव्यात चर्चच्या शाळांतून मेस्तांनी पोरांकडून सोल्फेजो घोटून घेतला. त्याच शिदोरीवर आपल्या माणसांनी मुंबईची हॉटेले गाजवली, आणि पुढे सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटसंगीताची वाद्ययोजना सिद्ध केली.

मात्र आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग नाकारता येत नाही. नाचासाठी वाजवणाऱ्याला थांबण्याची मुभा नसते. मौन हे त्याच्या वाट्याचे नव्हे.

ताजनंतर कोरिया संगीत शिकवू लागले. २०११ साली ते निवर्तले. विद्यार्थ्याच्या बोटांत काय उतरले हे समीक्षकाला मोजता येत नाही, पण एक पुरावा उपलब्ध आहे. त्यांची कन्या क्रिस्टीन कोरिया न्यूयॉर्कमध्ये जॅझगायिका आणि शिक्षिका म्हणून नावारूपास आली. पियानोवादक रॅन ब्लेक यांच्यासह तिने केलेले ‘आउट ऑफ द शॅडोज’ (२०१०) ऐकावे. केवळ पियानो आणि कंठ. नाचणारे कोणी नाही. वडिलांना ताजमध्ये न मिळालेली उसंत तेथे ओळीओळींच्या मध्ये मोकळी पसरलेली आहे.