संथ शटर आणि वाहते पाणी : एका रूढ संकेताची चिकित्सा

वाहत्या पाण्याच्या छायाचित्रणाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा तंत्राच्या पाठासारखे असते. कॅमेरा तिवईवर बसवावा, शटर अर्ध्या सेकंदापासून काही सेकंदांपर्यंत उघडे ठेवावे, प्रकाश अधिक असल्यास भिंगापुढे करड्या काचेचा फिल्टर लावावा, म्हणजे पाणी रेशमासारखे उतरते. या पाठात चूक अशी काहीच नाही. परंतु असे चित्र पाण्याविषयी नेमके काय सांगते हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही. आणि समीक्षेला हात घालावा लागतो तो तेथेच.

गोंदिया तालुक्यातील कामठा हे भातपट्ट्यातील गाव. तेथील माणसाला धबधबा पाहावयाचा तर सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळच्या हाजरा धबधब्याकडे जावे लागते. हा धबधबा पावसाच्या जिवावर वाहतो. भर पावसाळ्यातला त्याचा लोट आणि पाऊस सरल्यावर खडकावरून ओघळणाऱ्या धारा यांत डोळ्याला जमीनअस्मानाचे अंतर दिसते. शटर चार-पाच सेकंद उघडे ठेवून दोन्ही वेळी चित्र घेतले, तर मात्र हे अंतर बरेचसे पुसले जाते. कारण विरळ धारांमधील मोकळ्या जागाही त्या अवधीत इकडून तिकडे हलणाऱ्या पाण्याने भरून निघतात, आणि क्षीण प्रवाह भरघोस पडद्यासारखा भासू लागतो. ज्या प्रदेशात पाणी किती आले यावर रोवणीचे भवितव्य ठरते, तेथे पाण्याचे मापच हरवून बसणारे चित्र केवळ सुंदर आहे म्हणून स्वीकारावे काय?

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. दहा मीटर उंचीवरून सुटलेला थेंब, हवेचा अडथळा सोडून दिल्यास, सुमारे १.४ सेकंदांत तळाशी पोहोचतो; त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला १४ मीटर असतो. १/१००० सेकंदात तो जेमतेम १४ मिलिमीटर सरकतो, म्हणून चित्रात गोठलेला दिसतो. १/३० सेकंदात त्याची रेघ सुमारे अर्धा मीटर लांब होते. तीतून दिशाही कळते आणि वेगही. परंतु शटर दीड सेकंदाहून अधिक काळ उघडे राहिले, की पहिला थेंब माथ्यापासून पायथ्यापर्यंत संपूर्ण प्रवास करून गेलेला असतो. त्यानंतरचा प्रत्येक क्षण गतीची कोणतीही नवी खूण उमटवीत नाही. तो फक्त आधीच्या खुणा सारवून टाकतो. म्हणजे गती दाखविण्यासाठी योजलेले साधन एका मर्यादेपलीकडे गतीच झाकते. वीस-तीस सेकंदांची चित्रे या दृष्टीने निरर्थक ठरतात, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

या संकेताचा जन्म सौंदर्यदृष्टीतून झालेला नाही, हेही ध्यानात घ्यावे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या काचा प्रकाशाला मंद होत्या. १८६३ पासून हिमालयात हिंडणारा सॅम्युएल बोर्न असो, की १८७२ मध्ये योसेमिटीचे धबधबे टिपणारा मायब्रिज असो, त्यांच्या चित्रांत पाणी दुधाळ आले ते निरुपायाने. पुढे द्रुत फिल्म आली, हॅरोल्ड एजर्टन यांनी क्षणदीपाच्या प्रकाशात दुधाच्या थेंबाचा मुकुटही टिपून दाखविला, आणि निरुपाय संपला. आता हजारपट प्रकाश अडविणारा फिल्टर मुद्दाम विकत घेऊन आपण तोच निरुपाय परत आणतो! निवडीने केलेली गोष्ट समर्थन मागते. निरुपायाने झालेली मागत नाही.

गोठविलेले चित्र खरे आणि पसरलेले खोटे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १/१००० सेकंदाचे पाणी फुटक्या काचेसारखे दिसते, आणि तसे पाणी कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. डोळा एका धारेमागे काही अंतर धावतो, ती हरवली की दुसरी पकडतो. दोन्ही चित्रे रचनाच आहेत, आणि रचना म्हणूनच त्यांची परीक्षा व्हावी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे चांगली लागू पडतात. धबधब्याच्या चित्रात काळा, स्थिर, खडबडीत खडक आणि पांढरे, चंचल पाणी यांचा विरोध हाच लयीचा आधार होय. पाणी पार गुळगुळीत झाले की ते खडकाइतकेच अचल होते. विरोध केवळ रंगाचा उरतो, गतीचा नाहीसा होतो.

संथ शटरचे खरे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर ते धबधब्यापेक्षा कामठ्यासारख्या गावाच्या शिवारात अधिक सापडेल. तलावाच्या सांडव्याखाली भोवऱ्यात फिरणारा फेस पाहावा, किंवा धुऱ्याच्या तोंडातून एका बांधीतून खालच्या बांधीत उतरणारे पाणी पाहावे. येथे वेग थोडा असतो, आणि फेसाचे ठिपके, भाताची पाने, काड्या पाण्याबरोबर वाहत असतात. दोन-तीन सेकंदांत त्यांचे कंस आणि वळसे चित्रावर उमटतात, आणि जे भोवऱ्याचे केंद्र उघड्या डोळ्याला अदमासानेच कळते, ते नेमके दिसू लागते. या ठिकाणी काळ पाण्याला पुसून टाकीत नाही, त्याचा मार्ग लिहून ठेवतो. शटर किती वेळ उघडे ठेवावे हे येथे फिल्टरच्या डबीवरील आकडा सांगू शकत नाही. त्यासाठी फेसाचा एक ठिपका किती वेळात फेरा पुरा करतो हे काठावर उभे राहून आधी मोजावे लागते.