सहवास, एकांत आणि नजर : जळगावच्या सिनेमाबंदीचे पुनर्वाचन

१९८२ साली जळगावात मुस्लिम स्त्रियांनी चित्रपटगृहात जाऊ नये, असा निर्बंध जमातीच्या पंचांनी घातला. पुरुषांवर तो नव्हता. छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या कार्यकर्त्या रझिया पटेल यांच्या पुढाकाराने या बंदीविरुद्ध लढा उभा राहिला. पुढे त्यांचे 'चाहूल' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. मराठीत या घटनेची जी काही चर्चा झाली ती प्रायः एकाच सूत्राने झाली : धर्माने घातलेला पडदा आणि तो झुगारणारी स्त्री. हे सूत्र खोटे नाही. परंतु ते इतके सोयीचे आहे की त्यामुळे घटनेचे वाचनच थांबते. ही बंदी नेमकी कशावर होती, हा प्रश्न आपण विचारलेला नाही.

स्त्री-पुरुषांच्या एकत्र वावराविषयीच्या इस्लामी विवेचनात दोन संज्ञा येतात. 'इख्तिलात' म्हणजे मिसळणे, एकत्र वावरणे. आणि 'खलवत' म्हणजे विवाहसंबंध निषिद्ध असलेल्या नात्याबाहेरील स्त्री-पुरुषांचा एकांत. एकांताच्या निषेधाबाबत परंपरेत मतभेद फारसे नाहीत. मिसळण्याबाबत मात्र आहेत, आणि पुष्कळ आहेत. हजच्या वेळी काबागृहाची प्रदक्षिणा स्त्री-पुरुष एकाच गर्दीतून करतात आणि इहरामच्या अवस्थेत स्त्रीने चेहऱ्यावर नकाब घेऊ नये असा दंडक आहे. स्त्रियांना मशिदीत जाण्यापासून अडवू नये, अशा आशयाची हदीसही प्रसिद्ध आहे. त्याच परंपरेतले दुसरे भाष्यकार स्त्रीची नमाज घरातच अधिक श्रेयस्कर मानतात. म्हणजे आपण ज्याला 'इस्लामचा दृष्टिकोन' असे एकवचनात म्हणतो तो वस्तुतः परस्परांशी भांडणाऱ्या वाचनांचा समूह आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला यात रस वाटावा तो संबोधनाच्या प्रश्नामुळे. संहिता कोणाशी बोलते आहे? कुराणाच्या चोविसाव्या अध्यायात दृष्टी खाली ठेवण्याचा आदेश प्रथम श्रद्धावान पुरुषांना आहे. त्यानंतरच्या आयतीत तो स्त्रियांना आहे. घरात राहण्याविषयीचे तेहतिसाव्या अध्यायातील वचन प्रेषितांच्या पत्नींना उद्देशून आहे. पडद्याआडून मागण्याविषयीचे वचन तर प्रेषितांच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना उद्देशून आहे. फातिमा मेर्निसी यांनी १९८७ सालच्या आपल्या ग्रंथात या शेवटच्या प्रसंगाचे जे वाचन केले ते विलक्षण आहे. विवाहाच्या रात्री रेंगाळलेले पाहुणे, संकोचलेले यजमान, आणि मग खाली सोडलेला पडदा. मेर्निसी दाखवून देतात की हा पडदा प्रेषित आणि अनस या दोन पुरुषांच्या मध्ये पडला. असगर अली इंजिनिअर यांची पद्धत वेगळी आहे. कोणते वचन प्रसंगविशिष्ट आणि कोणते सार्वकालिक, हा भेद ते महत्त्वाचा मानतात. याउलट मौलाना मौदूदी या विशिष्ट संबोधनांचे सामान्यीकरण करतात. प्रेषितपत्नींना सांगितलेले प्रत्येक मुस्लिम स्त्रीला लागू होते. १९०३ साली औरंगाबादेत जन्मलेल्या या लेखकाचा १९३०च्या दशकातील लेखांतून आकाराला आलेला 'पर्दा' हा उर्दू ग्रंथ मराठी अभ्यासकांनी शत्रुपक्षाचा म्हणून बाजूला न ठेवता संहिता म्हणून वाचायला हवा. त्याचा मोठा भाग धर्मवचनांनी नव्हे, तर युरोप-अमेरिकेतील कुटुंबव्यवस्थेच्या ऱ्हासाच्या वर्णनाने व्यापलेला आहे. कारखाने, कार्यालये आणि महाविद्यालये येथील सहवासाला त्याचा जो विरोध आहे, तो मध्ययुगाचा अवशेष नसून आधुनिकतेला दिलेले आधुनिक उत्तर आहे.

आता जळगावकडे परत येऊ. चित्रपटगृह हा एकांत नव्हे. तिथे शेकडो माणसे असतात. मिसळणेच आक्षेपार्ह असेल तर आठवड्याच्या बाजारात, एस.टी.च्या गाडीत, दवाखान्याच्या रांगेत ते रोज घडते. यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी भिल्ल इस्लाम मानतात. त्यांच्या बायका पुरुषांच्या बरोबरीने शेतात राबतात. कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या मजूर स्त्रीला कोणत्या पंचाने अडवले? धुळ्याच्या यंत्रमागांच्या वस्तीत कांड्या भरणारी स्त्री घरात बसून काम करते, त्यामुळे तिचा प्रश्नच उपस्थित होत नाही. कष्टासाठी बाहेर पडलेली, किंवा घरात राहून कष्ट करणारी, अशा दोन्ही स्त्रिया निर्बंधाच्या नजरेतून सुटतात. अडवली जाते ती विनाकष्ट बसलेली, तिकीट काढून पाहणारी स्त्री. अंधारात तिला कोणी पाहत नाही, ती पाहते. ज्या वचनात नजर आवरण्याची पहिली जबाबदारी पुरुषावर होती, त्याच्या नावाने जळगावात नजरेवरची बंदी एकट्या स्त्रीवर आली. तेव्हा सिनेमाबंदी सहवासावरची नव्हतीच, ती स्त्रीच्या प्रेक्षकत्वावरची होती, असे माझे मत आहे.

मराठी समीक्षेला हे दिसले नाही, याचे एक कारण आपल्या स्वतःविषयीच्या समजुतीत आहे. आपण मिसळलेले आहोत, ते वेगळे राहतात, अशी ती समजूत. वस्तुस्थिती काय आहे? खानदेशातल्या कोणत्याही कीर्तनात बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. दोंडाईचा-शिंदखेड्याकडच्या राजपूत घराण्यांत गोषा पाळला जाई. 'गोषा' हा शब्दच फारसी. मूळ अर्थ कोपरा. आमच्या एम.ए.च्या वर्गात बाकांच्या दोन रांगा आहेत आणि गेल्या वीस वर्षांत मुलींच्या रांगेत मुलगा बसलेला मी क्वचितच पाहिला. त्यासाठी कोणी फतवा काढलेला नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. या चळवळीने मराठीला एक वैचारिक वाङ्मय दिले. त्याचबरोबर एक वाचनसवयही दिली : मुस्लिम स्त्रीने लिहिले की ती साक्ष समजायची. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' (१९९५) हे आत्मकथन हमीद दलवाईंच्या चरित्राचे साधन म्हणून वाचले गेले. खादी आयोगाच्या कार्यालयात नोकरी करून ज्या स्त्रीने घर सावरले, तिच्या त्या नोकरीकडे आणि परक्या पुरुषांबरोबरच्या रोजच्या साध्या सहवासाकडे कोणाचे लक्ष गेले? पुस्तकाच्या शीर्षकातली कृतार्थता कोणाच्या आयुष्याविषयी आहे, हा निवेदनाचा प्रश्न आहे. आपण तो चळवळीच्या इतिहासात विरघळू दिला. 'चाहूल'चेही तेच झाले. स्त्रियांच्या आत्मचरित्रांत निवेदक 'मी' कसा घडतो यावर मराठीत चांगले लेखन झाले आहे, पण त्यात ही दोन पुस्तके अभावानेच भेटतात.

दरम्यान दार बदलले. १५ मार्च २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने वर्गातील हिजाबबंदी योग्य ठरवली. तसे करताना न्यायालय अब्दुल्ला युसुफ अली यांच्या कुराणभाष्यावर विसंबले. न्यायासनानेच अर्थनिर्णयन करावे आणि 'अत्यावश्यक आचार' कोणता ते ठरवावे, असा हा प्रसंग. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, तोही अखेर वाचनाचाच मतभेद म्हणता येईल, न्या. धुलिया यांनी प्रश्न आचाराकडून मुलीच्या निवडीकडे आणि शिक्षणाकडे वळवला. ज्या मुलीला घरून सहशिक्षणाची मुभा डोक्यावरच्या रुमालामुळे मिळते, तिच्यासाठी रुमाल हा मिसळण्याचा परवाना असतो. २००८ आणि २०१३ च्या दंगलींनंतरच्या धुळ्यात असा परवाना मागणाऱ्या आईबापांच्या मनात धर्म किती आणि भीती किती, हे बाहेरून सांगता येणार नाही. १९८२ साली जमातीने सांगितले, आत जाऊ नकोस; २०२२ साली संस्थेने सांगितले, अशी येऊ नकोस. तिचे स्वतःचे वाचन काय, हे दोन्ही दारांवर कोणी विचारले नाही.

काही वर्षांपूर्वी आत्मकथनांवरचा तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. बुरखा घेणारी, पहिल्या बाकावर बसणारी. तिने विचारले, "सर, लक्ष्मीबाई टिळकांचं पुस्तक 'आत्मचरित्र' या घटकात आहे, आणि मेहरुन्निसाबाईंचं 'मुस्लिम मराठी साहित्य' या प्रवाहात. दोघींनीही नवऱ्याबरोबरच्या संसाराचंच लिहिलंय ना? मग एकत्र का नाही?" मी अभ्यासमंडळाचे नाव पुढे केले. तिने मान हलवली आणि दोन्ही पुस्तके एकाच पिशवीत टाकून ती निघून गेली. पुढच्या वर्षी अभ्यासक्रमाची फेररचना झाली. प्रवाह तसेच राहिले.