कॉव्हेंट्रीची प्रार्थना : एका गाळलेल्या सर्वनामाचा विचार

युद्धकाळातील ख्रिस्ती प्रार्थनांचे परीक्षण करताना समीक्षकाचे लक्ष बहुधा त्यांतील भावनेकडे जाते. सर्वनामांकडे जात नाही. वस्तुतः अशा प्रार्थनेची खरी नैतिक अडचण सर्वनामांतच दडलेली असते. शांती मागावयाची ती कोणासाठी? 'आम्ही' म्हणताना त्यात शत्रू येतो की नाही? इंग्लंडच्या चर्चच्या 1662 च्या प्रार्थनाग्रंथात युद्धप्रसंगी म्हणावयाची जी प्रार्थना आहे, तिने हा प्रश्न उद्भवूच दिलेला नाही. एका बाजूस 'आम्ही' व दुसऱ्या बाजूस 'आमचे शत्रू' असे तीत स्वच्छ विभाजन असून, शत्रूचा गर्व उतरावा आणि त्याचे बेत फसावेत, अशी मागणी केलेली आहे. त्याच ग्रंथातील लितानीत शत्रूंना क्षमा व्हावी, अशीही विनवणी आढळते. (पुरोहिताच्या प्रत्येक वाक्यास समुदायाने ठरावीक प्रतिसाद द्यावयाचा, असा हा प्रार्थनाप्रकार.) तथापि तेथेही शत्रू तृतीय पुरुषातच उभा राहतो.

या पार्श्वभूमीवर कॉव्हेंट्रीची प्रार्थना पाहण्याजोगी आहे. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडातील या औद्योगिक नगरावर बाँबवर्षाव केला. 500 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सेंट मायकेलचे मध्ययुगीन कॅथीड्रल जळून गेले, आणि त्याच्या बाहेरच्या भिंती व मनोरा तेवढा उरला. कॅथीड्रलचे प्रमुख रिचर्ड हॉवर्ड यांनी त्याच वर्षीच्या नाताळात भग्नावशेषांतून नभोवाणीवर भाषण केले व सूडाचा विचार मनातून काढून टाकण्याचे आवाहन केले. पुढे 1948 मध्ये त्यांनी वेदीमागील भिंतीवर दोन शब्द कोरविले : पित्यास एक संबोधन, आणि क्षमा करण्याविषयीचे आज्ञार्थी क्रियापद. लूकच्या शुभवर्तमानातील, क्रुसावरून काढलेल्या येशूच्या उद्गाराचे हे स्मरण आहे, हे उघड आहे. मात्र त्या उद्गारात 'त्यांना' असे कर्म आहे. भिंतीवर ते नाही.

इंग्रजीत हे क्रियापद सामान्यतः कर्माची अपेक्षा ठेवते, त्यामुळे कर्म गाळले की वाक्य अपुरे वाटते आणि वाचकाला तेथे थांबावे लागते. ती रिकामी जागा कोणी 'त्यांना' या शब्दाने भरील, कोणी 'आम्हांला' या शब्दाने. भिंत उत्तर देत नाही. ज्यांचे नगर जळाले त्यांनीच, दोष कोणाचा हे सांगण्याचा अधिकार असतानाही, तो शब्द रिकामा सोडावा, यात या शिलालेखाचे सारे सामर्थ्य आहे.

1958 मध्ये कॅनन जोसेफ पूल यांनी या दोन शब्दांना प्रतिसादाचे स्थान देऊन लितानी रचली. दर शुक्रवारी दुपारी ती भग्नावशेषांत म्हटली जाते. परंपरागत सात महापापांच्या धाटणीवर तीत राष्ट्राराष्ट्रांत फूट पाडणारा द्वेष, दुसऱ्याचे ते बळकावण्याची हाव, श्रम आणि भूमी यांना नागविणारा लोभ, अशी पापे क्रमाने येतात. पुरोहिताच्या ओळी म्हणजे नुसती नामपदे होत. त्यांना मुख्य क्रियापद नाही. द्वेष आहे, पण द्वेष करणारा कोणी नाही. लोभ आहे, लोभी नाही. दोनच ठिकाणी पापाला 'आमचा' हे षष्ठीचे रूप जोडलेले आढळते : एकदा परक्याच्या सुखाविषयीच्या मत्सराला, आणि एकदा उदासीनतेला. गर्वाच्या ओळीत 'आम्हांला' येते खरे, परंतु तेथे कर्ता गर्व असून माणूस त्याचे कर्म झाला आहे.

उदासीनतेची ही ओळ लितानीचे मर्म मानावी लागेल. युद्धाने पोळलेली माणसे, म्हणजे बंदिवान, बेघर आणि निर्वासित, या प्रार्थनेत येथेच प्रथम दिसतात. त्यांच्यासाठी काही मागितलेले नाही. त्यांच्या दुःखाकडे पाठ फिरविल्याबद्दल क्षमा मागितलेली आहे. पीडितांसाठी दयायाचना करणाऱ्या नेहमीच्या प्रार्थनेत याचक निर्दोष राहतो. येथे तो राहू शकत नाही.

तरी एक आक्षेप डावलता येत नाही. कर्तृपदे लोपली की जाळणारा आणि जळणारा एकाच पातळीवर येतात. सर्वांनी पाप केले आहे, या पौलाच्या वचनाने लितानीचा आरंभ होतो, आणि त्यामुळे हा समतलपणा अधिकच पक्का होतो. ज्याने घर गमावले आहे त्याने कर्तृपद गाळले तर ते औदार्य ठरते. ज्याने बाँब टाकला त्याने तेच गाळले तर ती पळवाट ठरते. लितानी उच्चारणारा कोण, यावर तिचे मूल्य अवलंबून आहे, आणि संहितेच्या अंगी ही उणीव आहेच. ब्रिटिश बाँबवर्षावात 1943 च्या नोव्हेंबरात उद्ध्वस्त झालेल्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म स्मारक चर्चमध्येही हीच लितानी म्हटली जाते. जर्मन क्रियापद चतुर्थीची अपेक्षा करते. तेथेही ती जागा रिकामीच ठेवलेली आहे. परंतु बर्लिनचा भाविक एकाच वेळी बाँबचा बळी आणि कॉव्हेंट्री जाळणाऱ्या राष्ट्राचा नागरिक आहे, आणि ते दोन शब्द उच्चारताना त्याला दोन्ही नाती सांभाळावी लागतात. भिंतीवरच्या रिक्त जागेची परीक्षा कॉव्हेंट्रीपेक्षा बर्लिनमध्येच अधिक कठोरपणे होते.

मराठीत ही लितानी आणू पाहणाऱ्यास निराळीच अडचण येईल. 'क्षमा कर' हे मराठीत पूर्ण वाक्य आहे; ते ऐकताच 'मला' किंवा 'आम्हांला' हे कर्म आपोआप गृहीत धरले जाते. रोजच्या दिलगिरीची ही भाषा असल्यामुळे काही गाळले आहे, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाही. इंग्रजीतील संदिग्धता येथे नष्ट होते, आणि 'त्यांना' हा अर्थ दूर राहतो. याची काहीशी भरपाई षष्ठीच्या रूपात होऊ शकेल. देवाला उद्देशून बोलताना मराठी भाविकाला 'आमची' म्हणावे लागते, कारण 'आपली' म्हटल्यास ऐकणाराही त्यात येतो. परंतु पुरोहिताच्या ओळीत संबोधन नाही. ते केवळ प्रतिसादात आहे. म्हणून पुरोहिताने समुदायाकडे पाहून 'आपली उदासीनता' म्हणण्यास व्याकरणाची आडकाठी नाही. 'आपली' म्हणजे देवाची, असा विपरीत अर्थ निघण्याची भीतीही उरत नाही, कारण पुढच्याच प्रतिसादात देवाला 'कर' असे एकेरी संबोधिले आहे. 'आमची'ला चिकटलेली 'तुमची नव्हे' ही छटा 'आपली'त नाही. समोर उभा असलेला परकाही तीत सामावतो.