आभासी जखमी, खरी नाडी

आपत्तीत जखमी अनेक, उपचार करणारे मोजके. आधी कोणाकडे वळायचे, हे ठरवण्यासाठी कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये ‘स्टार्ट’ पद्धत तयार झाली. श्वास मिनिटाला ३० हून अधिक किंवा मनगटाची नाडी लागत नसेल, तर लाल पट्टी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसेल, तर काळी.

हा सराव आता डोळ्यांवर संच चढवून आभासी अपघातस्थळी करता येतो. चुकले तरी कोणी दगावत नाही. प्रसंग पुन्हा उभा करता येतो. ही जमेची बाजू आम्हाला मान्य आहे. पण चित्रातल्या जखमीची नाडी बहुधा यंत्रच सांगते. बोटांना ती शोधावी लागत नाही. वर्गात मुलांना एकमेकांची नाडी शोधायला सांगून पाहा, अडचण लगेच कळेल. म्हणून निर्णयाचा सराव आभासी जगात व्हावा, बोटांचा मात्र खऱ्या मनगटावर.