आमदार आल्या, मग सरपंचीण कोण?

मराठीत लोकप्रतिनिधींसाठी लिंगनिरपेक्ष शब्दच नाहीत, अशी तक्रार अधूनमधून वाचायला मिळते. मला ती अर्धीच पटते. आमदार, खासदार, सरपंच हे शब्द बाईलाही जसेच्या तसे लागतात. ‘आमदारा’ कुणी म्हणत नाही. बाई की पुरुष, हे क्रियापद सांगतं: आमदार आले, आमदार आल्या. तेही दरवेळी नाही. ‘आमदारांनी रस्ता मंजूर केला’, ‘आमदार उद्या येतील’ यातून काय कळतं? काहीच नाही. इंग्रजीला चेअरमनचं चेअरपर्सन करत बसावं लागलं, आपलं इथं आयतंच भागलं.

बिलोलीकडं तर हे अजून सोपं. तेलंगणाची हद्द जवळ, कानावर तेलुगू रोजची. ‘एम्मेल्ये गारू वच्चारु’ म्हटलं की त्या आदरार्थी क्रियापदात बाई-पुरुष असा भेदच उरत नाही. (एकवचनात तेलुगू पुरुषाला वेगळं काढते, पण आमदाराला एकवचनात कोण बोलतंय!)

घोळ आहे तो दुसरीकडं. संस्कृत वळणाचे शब्द लगेच जोडी मागतात: नगरसेवक-नगरसेविका, सदस्य-सदस्या. त्यात ‘सेविका’ म्हटलं की आधी अंगणवाडी आठवते, ‘सेवक’ म्हटलं की तसं होत नाही. आणि देशी ‘-ईण’ त्याहून अवघड. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, सावकारीण म्हणजे सावकाराची. मग सरपंचीण कोण? निवडून आलेली बाई, की सरपंचाच्या घरातली?

हा नुसता व्याकरणाचा प्रश्न नाही. ७३व्या घटनादुरुस्तीनं किमान एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. तरी कित्येक गावांत ‘सरपंच’ अशी हाक नवऱ्यालाच जाते. त्याच्यासाठी ‘सरपंचपती’ हा शब्दसुद्धा तयार झाला. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा ‘पती’ शब्दावर केवढी चर्चा! तिथं पती म्हणजे प्रमुख, एवढं सांगून भागत होतं. सरपंचपतीत मात्र पती म्हणजे खरोखर नवराच, आणि कारभारही तोच बघतो.

म्हणून ‘महिला सरपंच’ असा मथळा मला खटकतो. पुरुष निवडून आला तर ‘पुरुष सरपंच’ छापत नाहीत. सरपंच लिहा, पुढं बाईंचं स्वतःचं नाव लिहा, क्रियापद बाकीचं बघून घेतं. नगरसेविकेचं काय करायचं, ते मला अजून सुटलेलं नाही. सध्या मी ‘नगरपरिषद सदस्य’ लिहितोय. तुमच्या गावात निवडून आलेल्या बाईला समोर काय म्हणतात आणि माघारी काय, दोन्ही कळवा.