तीस पायऱ्या आणि तळमजला

मुंबईच्या टाउन हॉलवर लिहिणारे बहुतेक जण पायऱ्यांपासून सुरुवात करतात आणि खांबांपाशी थांबतात. ३० पायऱ्या, वर ८ डोरिक खांबांची ओसरी. हॉर्निमन सर्कलच्या बागेतून पाहिले की ग्रीक देवळाचा भास होतोच. कर्नल थॉमस काउपर यांनी आखलेल्या या इमारतीचे काम १८२१ मध्ये सुरू झाले तेव्हा इंग्लंडच्या गादीवर चौथा जॉर्ज होता. १८३३ मध्ये ते संपले तेव्हा तो हयात नव्हता. जॉर्जियन शैलीचा हा अगदी शेवटचा बहर. मागवलेले काही खांब फारच मोठे निघाले म्हणून भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला दिले, असे सांगतात. खरे असो-नसो, गोष्ट या वास्तूला शोभते.

मला ही इमारत खालून वाचावीशी वाटते. एशियाटिकच्या वास्तूत सरकारी कचेऱ्या घुसल्या, अशी तक्रार आपण साहित्यिक मंडळी करत आलो. इतिहास उलटा आहे. लॉटरीतून जमलेला पैसा पुरेना, तेव्हा सरकारने उरलेला खर्च उचलला, तो कचेऱ्यांना जागा मिळेल या बोलीवर. म्हणजे कारकून इथे उपरा नाही. विद्वानाइतकाच जुना रहिवासी आहे. करारनाम्यावर मुद्रांक शुल्क भरायला येणाऱ्याच्या लेखी टाउन हॉल म्हणजे स्टॅम्प ऑफिसच. डोक्यावर दांत्याच्या महाकाव्याचे हस्तलिखित आहे, हे त्याच्या गावीही नसते.

दोष त्याचा नाही, जिन्याचा आहे. हा जिना वाचकाला रस्त्यावरून उचलतो आणि तळमजल्याला वळसा न घालता थेट वर नेऊन सोडतो. पुस्तकवाला आणि रांगेतला माणूस यांची गाठच पडत नाही. सौंदर्य म्हणून आपण ज्याची वाखाणणी करतो, ती मुळात वर्गवारी आहे. वरच्या मजल्यावरही आधी गोऱ्यांनाच सभासदत्व होते. माणकजी कर्सेटजींना १८४० च्या सुमारास ते मिळाले, तेही झगडून. पुढे नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा आत आला.

दुर्गा भागवतांनी इथे आयुष्याची कित्येक वर्षे वाचण्यात घालवली. आणीबाणीत त्यांना अटक झाली तीही याच ग्रंथालयात. सरकार तेवढ्यापुरते वरच्या मजल्यावर आले होते.