विषावरील उतारा आणि हृदय : एक परीक्षण

उतारा म्हटला की तो निर्धोक असणारच, असा समज रूढ आहे. शिशाच्या विषबाधेत वापरल्या जाणाऱ्या ईडीटीए या औषधाने तो केव्हाच खोटा ठरविला. त्याचा कॅल्शियमयुक्त क्षार शिसे बांधून शरीराबाहेर नेतो. परंतु नावाने जवळचा असलेला डायसोडियम क्षार रक्तातील कॅल्शियमच ओढून घेतो आणि हृदय बंद पडू शकते. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात असे मृत्यू नोंदले गेले. उताऱ्याचीही परीक्षा विषाइतकीच कठोर हवी, हा त्यातील बोध यवतमाळ जिल्ह्यालाही लागू पडतो.

२०१७ साली या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. येथील विष धातूचे नव्हते, कीटकनाशकांचे होते. त्यांपैकी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्यांवर ॲट्रोपिनच्या जोडीला प्रालिडॉक्झाइम देण्याची पद्धत आहे. बारामती येथील २०० रुग्णांवरील प्रयोगात (२००६) हे औषध थांबून थांबून दिलेल्या गटात ८ टक्के, तर सतत दिलेल्या गटात १ टक्का मृत्यू झाले. श्रीलंकेतील २३५ रुग्णांच्या प्रयोगात (२००९) मात्र औषध मिळालेल्यांत सुमारे २५ टक्के आणि न मिळालेल्यांत १६ टक्के मृत्यू झाले. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक नव्हता. तथापि लाभही दिसला नाही.

दोन्ही निष्कर्षांच्या मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. बारामतीत औषधाविना ठेवलेला गट नव्हता. म्हणून तेथे मात्रेची तुलना झाली, औषधाची नव्हे. दोन्हीकडील रुग्णांनी प्रामुख्याने विष प्राशन केले होते. यवतमाळच्या मजुरांच्या अंगात ते त्वचेतून व श्वासातून गेले. शिवाय प्रोफेनोफॉसने जखडलेले एन्झाइम या औषधाने फारसे सुटत नाही, आणि डायाफेन्थियुरॉन तर त्या वर्गातलेच नाही.

हृदयाची सुरक्षितता ही यांपैकी एकाही प्रयोगाची मुख्य कसोटी नव्हती. प्रालिडॉक्झाइम शिरेतून वेगाने दिल्यास नाडी व रक्तदाब वाढतात. ॲट्रोपिननेही नाडी वाढते. विष स्वतः हृदयाची लय बिघडविते. या तिन्हींचा वाटा वेगळा करावयाचा, तर औषधापूर्वी व नंतर ठराविक वेळी हृदयाचा विद्युत्-आलेख घेणे आणि विषाचे नाव निश्चित करणे अपरिहार्य आहे. त्यावाचून उताऱ्याचा गुण आणि दोष दोन्ही अनुमानाच्याच पातळीवर राहतात.